‘कबूल करून मोकळं व्हा’: जुन्या गुन्ह्याची नोंद आणि कॅनडाचा अर्ज

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारे चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहेत, पत्नी नर्स. कॅनडाच्या कायम वास्तव्याचा अर्ज पत्नीच्या नावाने होणार, नवरा आणि मुलगी सोबत. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री पुण्यात नाकाबंदीत यांना दारू पिऊन मोटरसायकल चालवताना पकडलं. मशीनवर ६२ आकडा आल्याचं त्यांना आठवतं. जानेवारी २०१४ मध्ये कोर्टात दोन हजार रुपये दंड भरला. २०१९ मध्ये सोसायटीत पार्किंगवरून मारामारी झाली, गुन्हा दाखल झाला, २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. मधे २०१८ मध्ये कंपनीने तीन आठवडे टोरांटोला पाठवलं होतं. तेव्हा व्हिसाच्या अर्जात ‘कुठल्याही देशात कधी गुन्हा केला, अटक झाली, आरोप झाला किंवा शिक्षा झाली आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिलं गेलं. आताचा एजंट म्हणतो, पोलीस क्लिअरन्स (पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला) स्वच्छच येणार आहे, पुन्हा ‘नाही’ लिहा. काय लिहू, आणि दुसऱ्या देशांत काय असतं, असं ते विचारतात.

‘हो’ लिहा. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी आधी नऊ वर्षं शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली केली. गेली चौदा वर्षं कॅनडात परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम करते आहे. त्यामुळे आपल्याकडच्या रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) काय लिहिलेलं असतं आणि तोच कागद तिकडचा अधिकारी कसा वाचतो, ही दोन्ही टोकं मी रोज बघते. त्यावरून सांगते: तुमची केस वाईट नाही. ‘नाही’ लिहून ती तुम्ही वाईट कराल.

कॅनडाचा २००१ चा इमिग्रेशन कायदा आहे, त्याचं ३६ वं कलम गुन्ह्यांबद्दल आहे. भारतात तुम्हाला किती शिक्षा झाली याला तिथे फारसं महत्त्व नाही. अधिकारी बघतो ते एवढंच की तुम्ही जे केलं ते कॅनडात केलं असतं तर तिथल्या कायद्यानुसार कुठला गुन्हा ठरला असता, आणि त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त किती शिक्षा आहे. जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं किंवा त्याहून अधिक असेल तर तो ‘गंभीर’ गटात जातो, कमी असेल तर ‘साध्या’ गटात. तुम्ही इकडे पाचशे रुपये भरलेत की दोन हजार, त्याने गट बदलत नाही. आपल्या लोकांना नेमकं हेच पटत नाही. ‘अहो मॅडम, नुसता दंड होता’ हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते.

या तुलनेत कधी कधी आपल्या बाजूने गोष्टी घडतात. चेक वटला नाही म्हणून १३८ खाली शिक्षा झालेले व्यापारी घाबरून येतात. पण नुसता चेक न वटणं हा कॅनडात फौजदारी गुन्हा नाही, त्यात फसवणुकीचा हेतू असावा लागतो. निकालपत्रात तसा हेतू कुठेच दिसत नसेल, तर त्या शिक्षेला तिथे जोडच सापडत नाही. उलट अपघातात माणूस दगावला आणि ३०४-अ (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली दोषी ठरवलं, दंड भरून सुटका झाली, असा माणूस निर्धास्त असतो. तिथे त्या कृत्याची तुलना धोकादायकपणे गाडी चालवून मृत्यू घडवण्याशी होऊ शकते, आणि तो तिथे फार मोठा गुन्हा आहे. मग साधी बेफिकिरी आणि तिकडच्या कायद्याला लागणारी टोकाची बेफिकिरी यांतला फरक पुराव्यानिशी मांडावा लागतो. हे काम निकालपत्र ओळ न् ओळ वाचल्याशिवाय होत नाही.

आता तुमचे दोन हजार रुपये.

मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम. आपल्याकडे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. या कलमाचा दंड रस्त्यावर पावती फाडून भरता येत नाही, कोर्टात जावंच लागतं. तिथे काय होतं ते तुम्हाला आठवत असेल. सकाळी अकराला पन्नास-साठ जण व्हरांड्यात उभे, पुकारा झाला की आत, ‘गुन्हा कबूल आहे का’, ‘हो साहेब’, पुढचा. दोन मिनिटं. पण त्या दोन मिनिटांत रोजनाम्यावर उमटतं: ‘आरोपीने गुन्हा स्वखुशीने कबूल केला. रु. २,०००/- दंड, न भरल्यास इतके दिवस साधी कैद.’ बाहेर आल्यावर तुम्ही त्याला चलान समजता. कायद्याच्या भाषेत तुम्ही दोषसिद्ध आरोपी झालेले असता.

कॅनडात दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १८ डिसेंबर २०१८ पासून दहा वर्षं झाली. म्हणजे त्या तारखेनंतरचा गुन्हा थेट गंभीर गटात. त्याआधी कमाल पाच वर्षं होती, म्हणून आधी घडलेला गुन्हा साध्या गटात धरतात. तुमचा २०१३ चा आहे.

साध्या गटातल्या एकाच गुन्ह्यासाठी एक तरतूद आहे. शिक्षा पूर्ण भोगून दहा वर्षं झाली आणि मधल्या काळात दुसरी दोषसिद्धी नसेल, तर माणूस सुधारला असं कायदाच गृहीत धरतो. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, फी नाही. तुमची दहा वर्षं जानेवारी २०२४ मध्ये भरली. ज्या गोष्टीसाठी एजंट तुम्हाला खोटं लिहायला सांगतो आहे, ती गोष्ट बहुधा कायद्यानेच मिटवलेली आहे. तुम्हाला फक्त ती दाखवायची आहे.

शिवाय तुमचा तो ६२ आकडा. कॅनडात फौजदारी मर्यादा ८० आहे. म्हणजे फक्त आकड्यावर बघितलं तर तुम्ही ज्यासाठी इथे दोषी ठरलात ते तिथे गुन्हाच होत नाही. पण यावर एकट्यावर विसंबू नका. तिथे आकडा कमी असला तरी नशेमुळे गाडी चालवण्याच्या क्षमतेवर परिणाम झाला होता हे दिसलं, तर तोही त्याच कलमाखाली गुन्हा आहे. म्हणून पोलिसांनी भरलेल्या फॉर्मवर काय लिहिलंय ते बघायला हवं. ‘तोंडास उग्र वास’ एवढंच असेल तर ठीक. ‘चालताना तोल जात होता, बोलणे असंबद्ध’ असं असेल तर आकड्याचा मुद्दा बराच पातळ होतो. त्यामुळे मांडणीत दहा वर्षांचा मुद्दा आधी, आकड्याचा नंतर, असा क्रम मी ठेवेन.

तुलनेसाठी सांगते. माझ्याकडे मागे एक तरुण आला, त्याचा गुन्हा डिसेंबर २०२१ चा, आकडा १४०. तीच नाकाबंदी, तसाच व्हरांडा, दंड फक्त नव्या दराने दहा हजार. त्याला दहा वर्षांची आपोआप मिळणारी माफी नाही, वीस वर्षं थांबला तरी नाही. शिक्षा संपून पाच वर्षं झाल्यावर त्याला ‘पुनर्वसना’चा स्वतंत्र अर्ज करावा लागेल आणि त्याची फी साध्या गटाच्या साधारण पाचपट आहे. तोवर जायचंच असेल तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता परवाना मागता येतो, पण त्यासाठी जाणं खरोखर गरजेचं आहे हे पटवावं लागतं. गट ठरण्यापुरता तुमच्यात आणि त्याच्यात फरक फक्त तारखेचा.

पार्किंगच्या भांडणाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तुमची दहा वर्षं त्याच्यावर उभी आहेत. ३२३, ५०४, ५०६ (मारहाण, शिवीगाळ, धमकी) हे त्रिकूट आपल्याकडे सोसायटीच्या, बांधाच्या, नळाच्या प्रत्येक भांडणात लागतं. (१ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, आकडे बदलले, भांडणं तीच आहेत.) अशा केसमध्ये तारखांना कंटाळलेल्या अशिलाला कुणीतरी हमखास सांगतं, ‘कबूल करून मोकळे व्हा, पाचशे रुपये दंड होईल.’ मी वकिली करत असताना हे मीही सांगितलेलं आहे, आणि आज त्याचं मला वाईट वाटतं. तुम्ही २०२२ मध्ये तसं कबूल केलं असतं, तर ती दुसरी दोषसिद्धी झाली असती आणि २०१३ ची दहा वर्षं मोडली असती. तुम्ही तडजोड केलीत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२० व्या कलमानुसार कोर्टाच्या नोंदीवर झालेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. कॅनडाच्या कायद्यातही अंतिम निर्दोष मुक्तता झालेल्या प्रकरणावरून माणसाला अपात्र ठरवता येत नाही. तरीही प्रश्न ‘आरोप झाला होता का’ असा आहे, त्यामुळे याचंही उत्तर ‘हो’च.

केस कशी संपली याला किती वजन आहे हे यावरून लक्षात यावं. ‘मिटलं’ हा शब्द आपण सगळ्यालाच वापरतो. पण कागदावर त्याचे प्रकार वेगळे असतात. नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) असते, जिच्यात बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही. चॅप्टर केस असते, ती शांतता राखण्याच्या बंधपत्राची, दोषसिद्धी नव्हे. पोलिसांनी ‘बी समरी’ पाठवली म्हणजे तक्रार खोटी निघाली, ‘सी समरी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. आरोपनिश्चितीआधीच दोषमुक्ती होते. खटला चालून निर्दोष मुक्तता होते. हायकोर्ट गुन्हा रद्द करतं, ४९८-अ ची (विवाहितेच्या छळाची) समेट झालेली प्रकरणं बहुधा याच मार्गाने संपतात. सरकार खटला मागे घेतं, टाळेबंदीतल्या १८८ च्या (सरकारी आदेश मोडल्याच्या) अनेक गुन्ह्यांचं तसं झालं. आणि चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतात, ज्यात तुरुंग नसतो पण दोषी ठरवलेलं असतं, आणि तिकडचा अधिकारी ते दोषी ठरवणं वाचतो. मिटलं म्हणजे यातलं नेमकं काय, हे सांगणारा सहीशिक्क्याचा कागद हवा. खटला अजून चालू असेल तर गोष्ट वेगळी: पासपोर्ट, क्लिअरन्स, कोर्टाची परदेशी जाण्याची परवानगी सगळंच अडतं. अशांनी आधी इकडचं काम संपवावं, घाईने अर्ज करू नये.

एजंटचा युक्तिवाद पोलीस क्लिअरन्स स्वच्छ येईल हा आहे. येईलही. पासपोर्ट कार्यालय तुमच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडून माहिती मागवतं, आणि मोटार वाहन कोर्टातल्या दोन मिनिटांच्या कबुलीची नोंद तिथे असेलच असं नाही. पण अर्जातला प्रश्न ‘तुमच्या क्लिअरन्सवर काही आहे का’ असा नाही. ‘तुम्हाला कधी’ असा आहे, आणि उत्तराखाली सही तुमची आहे, एजंटची नाही. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून कुणीही केस शोधू शकतं. तुमची २०१९ ची केस तिथे असण्याची शक्यता भरपूर आहे, तिचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकही असेल. बोटांचे ठसे कॅनडा अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडशी पडताळून बघतो.

सापडलं तर ४० वं कलम लागतं. माहिती दडवली किंवा चुकीची दिली म्हणून पाच वर्षं अपात्रता, आणि त्या पाच वर्षांत कायम वास्तव्याचा अर्जही करता येत नाही. तुमचा जुना गुन्हा दहा वर्षांनी मिटतो, पण खोट्या उत्तराला अशी सूट नाही. आणि अर्ज तुमच्या पत्नीचा आहे. सोबतचा कुटुंबीय अपात्र ठरला की मुख्य अर्जदारही अडकतो. तिची इंग्रजीची परीक्षा, पदवीचं मूल्यांकन, नर्सिंगच्या नोंदणीसाठी तिने केलेली धडपड, सगळं तुमच्या एका खुणेवर जाईल.

राहिला २०१८ चा ‘नाही’. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तो अर्ज त्यांच्या यंत्रणेत आहे आणि आताचं ‘हो’ त्याच्याशेजारी दिसणार आहे. तेव्हा तुमची दहा वर्षं भरलेली नव्हती, त्यामुळे ‘ते उत्तर महत्त्वाचं होतं’ असं अधिकारी म्हणू शकतो. धोका आहे. पण त्याने विचारायच्या आधी तुम्ही स्वतः सांगणं आणि त्याला सापडल्यावर सांगणं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. स्पष्टीकरणाच्या पत्रात एक वेगळा परिच्छेद याचाच असू द्या. अर्ज कुणी भरला, तुम्ही तो वाचलात की नाही, दंड भरला तो वाहतुकीचा दंड आहे असं तुम्हाला का वाटलं, आता काय कळलं. कंपनीने नेमलेल्या माणसाने भरला असेल तर तसं लिहा, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. सही तुमची होती हे मान्य करा. ६२ आणि ८० चा मुद्दा इथे खरा उपयोगी पडतो, कारण मूळ गोष्टच तिथे गुन्हा ठरत नसेल तर ती न सांगण्याने निर्णय बदलला नसता, असं म्हणता येतं. यावर अधिकाऱ्याला शंका आली तर नकार देण्याआधी तो पत्र पाठवून तुमचं म्हणणं मागवतो. त्या पत्राला मुदत असते आणि ते ई-मेलच्या कचऱ्यात जाऊन पडलेलं मी पाहिलं आहे, तेव्हा रोज बघा.

पत्र लिहिताना आपल्या माणसांची एक सवय आडवी येते. पहिलं पान घराणं, संस्कार, वडील शिक्षक होते यातच जातं. अधिकाऱ्याला तारीख, कलम, कोर्ट, खटला क्रमांक, निकाल, दंड भरल्याचा दिवस एवढं पहिल्या दहा ओळींत हवं असतं. त्यानंतर काय घडलं ते सरळ. ‘त्या रात्री मी दोन-तीन पेग घेऊन गाडी चालवली, ते चूक होतं’ हे वाक्य ‘मित्रांच्या आग्रहाखातर’पेक्षा केव्हाही चांगलं.

भाषांतराकडे फार दुर्लक्ष होतं. आपली फिर्याद साच्यातली असते: ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून, शिवीगाळ करून जीवे ठार मारण्याची धमकी दिली.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या फिर्यादींत असतं, हे तुम्हाला-मला माहीत आहे. इंग्रजीत तेच वाचणाऱ्या तिकडच्या माणसाला मात्र तो खुनाच्या धमकीचा गंभीर प्रकार वाटतो. भाषांतरात एक शब्दही सौम्य करायचा नाही, तसं केलं तर तीही दिशाभूल. त्याऐवजी वैद्यकीय अहवाल असेल तर जोडा, ज्यात ‘साधी दुखापत’ असं लिहिलेलं असतं, आणि तडजोडीचा अर्ज जोडा, ज्यावर फिर्यादीची सही असते. फिर्यादीत ‘हातातील दांडक्याने’ असं कुठे आहे का तेही बघा, कारण हत्यार आलं की तिथली कमाल शिक्षा पाचाची दहा वर्षं होते. भाषांतर तुम्ही किंवा नातेवाइकांनी केलेलं चालत नाही, मेहुणी इंग्रजीची प्राध्यापक असली तरी नाही.

दुसऱ्या देशांचं विचारलंत म्हणून एवढंच. ऑस्ट्रेलियात भर झालेल्या कैदेवर आहे, एकूण बारा महिने किंवा अधिक कैद ठोठावली गेली असेल तर चारित्र्याच्या कसोटीत माणूस अडकतो. दोन हजार दंड त्यापासून फार लांब आहे, पण सांगावा लागतोच. ब्रिटनही बारा महिन्यांच्या कैदेची रेघ मानतो. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये अटक झाली होती का हेही विचारतात, मग पुढे निर्दोष सुटलात तरी. एका देशात सांगितलेलं आणि दुसऱ्यात लपवलेलं, असं करू नका.

एजंटचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जावर सल्ला द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना, वकील संघटनांच्या परवानाधारक पॅरालीगलना, क्वेबेकच्या नोटरींना आणि तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवाना असलेल्यांनाच आहे. कॉलेजच्या संकेतस्थळावर नाव टाकून परवाना तपासता येतो. त्याचं नाव तिथे नसेल आणि अर्जात प्रतिनिधी म्हणून सही करायला तो तयार नसेल, तर ‘नाही लिहा’ या सल्ल्याची किंमत तुम्हीच मोजणार आहात.

आता कामाला लागा. आधी कोर्टाच्या नक्कल विभागात दोन अर्ज द्या, दोन्ही प्रकरणांच्या प्रमाणित प्रतींसाठी. २०१९ च्या प्रकरणात फिर्याद, दोषारोपपत्र, तडजोडीचा अर्ज, त्यावरचा आदेश आणि शेवटच्या तारखेचा रोजनामा. २०१४ च्या प्रकरणात रोजनामा, मशीनची स्लिप, पोलिसांचा फॉर्म आणि दंडाची पावती. छोट्या खटल्यांचे कागद काही वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे ‘रेकॉर्ड नाही’ असं उत्तर मिळू शकतं. तोंडी ऐकून परत येऊ नका. अभिलेख उपलब्ध नसल्याचा दाखला लेखी घ्या आणि रजिस्टरमधली खटल्याची नोंद तरी मिळते का ते विचारा. तिथल्या कारकुनाने मनावर घेतलं तर ते रजिस्टर सापडतं, मी स्वतः धूळ झटकून काढलेली आहेत. घरीही शोधा: जुन्या गाडीच्या कागदांच्या पिशवीत ती पावती निघाल्याची उदाहरणं माझ्याकडे चार-पाच आहेत. पावती मिळाली की रक्कम नंतर बघा, आधी तारीख बघा. दहा वर्षं पकडल्याच्या रात्रीपासून नाही, दंड भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात.